देणं न्हाई असं लिवा

दस्तगीर मुलाणी माझ्याकडे पहिल्यांदा आले ते बँडच्या पूर्ण पोशाखात. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर गोंड्यांची दोरी, डोक्यावर तुऱ्याची टोपी, आणि पायात मात्र साध्या चपला. तासगावच्या कोर्टासमोरच्या माझ्या ऑफिसात तेव्हा तीन-चार पक्षकार बसले होते. त्या सगळ्यांची समजूत झाली की वकिलांच्या घरी काहीतरी कार्य निघालंय. मलाही क्षणभर वाटलं, बायकोनं मला न विचारता काही ठरवलं की काय. ती ठरवते अधूनमधून. मी म्हणालो, "बसा मास्तर. कुणाची वरात?" ते बसले नाहीत. टोपी काढून काखेत धरली, कोटाच्या आतल्या खिशातून कोर्टाचं समन्स काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

पुढं प्रत्येक तारखेला ते ह्याच थाटात आले. मी सांगून थकलो की मास्तर, साधा पांढरा शर्ट घाला, कोर्टाला तेवढा पुरतो. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "वकीलसायब, तुमी तुमच्या कोटात, जज्जबाई त्यांच्या कोटात, शिपाई त्याच्या पट्ट्यात. मग मीच एकटा का उघडा यिऊ?" त्यांच्या नावाचा पुकारा झाला की ते डावा पाय आधी टाकत आत यायचे आणि कोर्टातली निम्मी माणसं आपापलं काम विसरून त्यांच्याकडे बघत बसायची. एकदा जज्जबाईंनी मला विचारलं, यांना लग्नाला जायची घाई आहे का, असेल तर आधी घेते. मी तोंड उघडायच्या आत मास्तरांनी परस्पर सांगून टाकलं की घाई न्हाई बाई, आज तीथ न्हाई.

मी मूळचा फलटणचा. लग्नानंतर सासऱ्यांच्या हाताखाली वकिली करायला तासगावात आलो आणि इथलाच झालो. फलटणची माणसं मोजकं बोलतात असं माझं मत आहे, बायकोचं मत वेगळं आहे. पण तासगावात आल्या आल्या माझ्या कानावर जे पहिलं नाव पडलं ते मास्तरांचं होतं, कारण माझ्याच वरातीत त्यांचा बँड होता. उंच, वाळका माणूस, मिशीला कलप, आणि आयुष्यभर क्लॅरिनेट फुंकून फुंकून सैल पडलेले गाल. तासगावातल्या दोन पिढ्यांचे नवरदेव त्यांनी वाजवत मारुतीच्या देवळापर्यंत नेले होते. त्यातले बरेचसे पुढं माझ्याकडे घटस्फोटाला आले, पण त्यात मास्तरांचा काही दोष नाही.

बँडवाल्यांच्यात लग्न ठरवताना जी आगाऊ रक्कम हातावर ठेवतात तिला सुपारी म्हणतात. लिहाय-पुसायचं काही नसतं. सुपारी घेतली की तारीख पक्की, आणि त्यानंतर दुसऱ्या कुणी दुप्पट दिले तरी तिकडं जायचं नाही. मास्तरांचं सगळं आयुष्य ह्या एका गोष्टीवर उभं होतं. ते म्हणायचे, "सुपारी घेतली म्हंजी पाऊस यिऊ द्या, लाईट जाऊ द्या, नाय तर नवरदेव पळून जाऊ द्या. वाजवायचंच." हे नुसतं बोलणं नव्हतं. एका लग्नात नवरदेव बुलेटसाठी रुसून गाडीतून उतरेना. दोन्हीकडचे वडीलधारे समजूत काढायला गेले ते संध्याकाळपर्यंत काढतच बसले. तेवढा वेळ मास्तर गाडीसमोर उभं राहून वाजवत होते. शेवटी नवरदेव बुलेटसाठी नाही, ह्या बँडला कंटाळून खाली उतरला असं लोक सांगतात.

आता त्या समन्सची गोष्ट. डीजे आले आणि बँडवाल्यांचे वाईट दिवस सुरू झाले. छातीत धडधडल्याशिवाय लग्न लागल्यासारखं पोरांना वाटेना. मास्तरांनी ठरवलं की आपणही मागं राहायचं नाही. सांगलीच्या एका फायनान्स कंपनीकडून कर्ज काढून त्यांनी बँडची गाडी बनवून घेतली. गाणाऱ्याला बसायला जागा, भोवती कर्णे, वर रंगीत दिवे, आणि पुढच्या बाजूला पिसारा फुलवलेला पत्र्याचा मोर. तो मोर एका डोळ्यानं तिरळा झाला होता, पण मास्तरांना ते कुणी सांगायची हिंमत केली नाही. पहिली काही वर्षं हप्ते वेळेवर गेले. मग एक वर्ष असं आलं की जत-आटपाडीकडं पाऊसच झाला नाही. लोकांनी लग्नं पुढं ढकलली, ज्यांना ढकलता येईनात त्यांनी देवळात चार माणसांत उरकली. मास्तरांच्या सुपाऱ्या निम्म्यावर आल्या आणि हप्ते थांबले.

दुसरा कुणी असता तर त्यानं फोन बंद ठेवला असता. मास्तर एसटीत बसून सांगलीला गेले आणि कंपनीच्या मॅनेजरला म्हणाले, माझ्याच्यानं आता होत नाही, गाडी घेऊन जा. मॅनेजर कंपनीची माणसं घेऊन गाडी न्यायला आला त्या दिवशी मास्तरांनी ती धुऊन, पुसून, मोराच्या गळ्यात हार घालून ठेवली होती. एवढ्यावर थांबतील तर ते मास्तर कसले. त्यांनी सगळा बँड गोळा केला आणि सांगली रस्त्याच्या वळणापर्यंत गाडीला वाजवत पोचवायला गेले, लेक सासरी पाठवताना वाजवतात ते वाजवत. जप्तीला आलेल्या ड्रायव्हरला काय करावं कळेना. तो बिचारा पहिल्या गिअरमध्ये, पायी चालणाऱ्यांच्या वेगानं गाडी चालवत राहिला. वळणावर मॅनेजरनं मास्तरांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, मास्तर, गाडी आली, आता तुमचं खातं मिटलं.

मी वकील आहे, मला ह्या ठिकाणी एकच प्रश्न सुचतो, तो मी विचारला. लिहून घेतलंत का? मास्तर माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले, की समद्या बँडदेखत बोलला तो, आणखी काय लिहून घ्यायचं. मला जरा धीर आला. म्हटलं, मग बँडमधले दोघे-तिघे साक्षीला उभे करू, कुणी कुणी ऐकलं ते सांगा. मास्तर बोटांवर एकेकाला मोजायला लागले आणि तिसऱ्या बोटावर थांबले.

"ऐकलं कसं आसंल वकीलसायब? समदी वाजवत व्हती की."

त्यानंतर बरीच वर्षं काही झालं नाही. मास्तर गाडी विसरले. पण गाडीचं खातं काही मेलं नव्हतं. सांगलीच्या कंपनीनं ती गाडी लिलावात भंगाराच्या भावानं काढली, राहिलेली बाकी आणि व्याज मास्तरांच्या नावावर लिहून ठेवलं, पुढं तासगावकडचं कामच बंद केलं आणि अशी जुनी थकलेली खाती पुण्याच्या एका कंपनीला घाऊक विकली. खातं विकता येतं हेच मास्तरांना पटेना. बैल विकतात, घर विकतात, पण माझं देणं कुणी कुणाला विकलं आणि मला कुणी विचारलं कसं नाही, असं ते मला पुन्हापुन्हा विचारायचे. मी त्यांना कायदा सांगायचो. ते ऐकून घ्यायचे आणि पुन्हा तेच विचारायचे.

पुण्याच्या कंपनीनं वसुलीला एक माणूस नेमला होता. कुंडलचे माने. पन्नाशीचे, साखर कारखान्यातली नोकरी गेलेले, मोटरसायकलवरून गावोगाव फिरणारे. ते एका उन्हाळ्यात भर दुपारी मास्तरांच्या दारात आले. त्या दिवशी मास्तरांची हंगामातली पहिली सुपारी होती आणि ते ओसरीवर बसून पितळी वाद्यं चिंचेनं घासत होते. मान्यांनी कागद काढला, आकडा सांगितला, दीड लाखाच्या वर. मास्तर म्हणाले, खातं मिटलंय. माने म्हणाले, असंल. मग पाणी मागितलं, दोन तांबे प्यायले आणि तिथंच पायरीवर बसले. सकाळपासून सात-आठ दारं फिरलो, कुणी रुपया दिला नाही, कुणी कुत्रं सोडलं, असं सहज बोलून गेले.

धंदा करणाऱ्या माणसाला भवानी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. दिवसाची पहिली कमाई. दुपार झाली आणि एखाद्याची भवानी झाली नाही, तर आमच्याकडचा चांगला व्यापारी शेजारच्या दुकानातून काहीबाही विकत घेतो, की बाबा, तुझा दिवस सुना जायला नको. मास्तर घरात गेले, सुपारीच्या पैशांतली पाचशेची नोट आणली आणि मान्यांच्या हातावर ठेवली. वसुली करायला आलेल्या माणसाला भवानी देणारा माणूस मी तरी दुसरा बघितला नाही. मान्यांना पैसे घेतल्याची पावती फाडावी लागली आणि तिच्यावर मास्तरांनी न वाचता, मोठ्या अक्षरात, खाली रेघ मारून सही केली.

तीच पावती जोडून कंपनीनं दावा लावला. दाव्यात लिहिलं होतं की प्रतिवादीनं कर्जापोटी पाचशे रुपये भरले, म्हणजे कर्ज कबूल केलं, म्हणून सगळी रक्कम व्याजासकट द्यावी. बेलीफानं समन्स आणलं तेव्हा शेजारपाजार दारात उभा होता. संध्याकाळपर्यंत तासगावात बातमी झाली की मास्तरांनी कुणाचे तरी पैसे बुडवले. ज्या धंद्यात माणसं तोंडी शब्दावर हातात पैसे ठेवतात, त्या धंद्यात असं बोललं जाणं म्हणजे काय ते मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. रकमेची त्यांना काळजी होती, नाही असं नाही. घर जाईल का, असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. पण त्यांची झोप उडाली होती ती दुसऱ्याच कारणानं.

मी कागद वाचून काढले आणि मनातल्या मनात खूष झालो. दावा मुदतीबाहेरचा होता. बाकी मागायला कायद्यानं तीन वर्षं असतात आणि इथं त्याच्या दुप्पट होऊन गेली होती. मुदत संपल्यावर नुसते पाचशे रुपये घेतले म्हणून ती पुन्हा जिवंत होत नाही. शिवाय ते पाचशे कर्जाचे नव्हतेच. मी मास्तरांना म्हणालो, निवांत घरी जा, आपली केस पक्की आहे. मला वाटलं ते माझे हात धरतील. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"म्हंजी देणं हाय, पर लय जुनं झालं म्हनून द्यायचं न्हाई. असंच न्हवं?"

मी म्हणालो, तसंच काही नाही, पण कोर्टात तसं चालतं.

"मग तसं नगं. देणं न्हाई असं लिवा. खातं मिटलंय असं लिवा. ते तीन वर्सांचं काढा."

ह्यावरून आमचं जे वाजलं ते विचारू नका. मी त्यांना सांगत होतो की मॅनेजर काय म्हणाला ह्याचा पुरावा आपल्याकडे नाही, तो मॅनेजर कुठं आहे ते कुणाला माहीत नाही, ऐकणारी माणसं ढोल बडवत होती, आणि मुदतीचा मुद्दा सोडणं म्हणजे स्वतःच्या हातानं घर लिहून देणं. ते सांगत होते की मुदतीचा मुद्दा घेतला तर लोक म्हणतील, मास्तर देणं लागत होता आणि वकिलानं सोडवला. मध्येच लोकअदालतीत कंपनीनं निम्म्यावर मिटवायची तयारी दाखवली, तर मास्तर त्यांच्या वकिलाला म्हणाले, निम्मा चोर हाय असं लिवून दिऊ का? शेवटी मी आवाज चढवला. म्हटलं, बँड तुमचा असतो तेव्हा मी तुम्हाला कुठला सूर लावायचा ते सांगतो का? हे त्यांना पटलं. कैफियतीत, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तरात, दोन्ही मुद्दे घ्यायचे ठरले, त्यांचा वर, माझा खाली. मी त्यांचा वर घेतला तो केवळ ते समोर बसून ओळी मोजत होते म्हणून.

साक्षीच्या दिवशी कंपनीनं कुंडलच्या मान्यांनाच उभं केलं, पावती शाबीत करायला. मान्यांनी पावती ओळखली, सही ओळखली. आता उलटतपास माझा. आमच्या वकिलीत एक गोष्ट पहिल्या वर्षीच शिकवतात, की ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो प्रश्न विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराला विचारायचा नाही. म्हणून मी पावतीवरची तारीख विचारून बसायच्या बेतात होतो. मागच्या बाकावरून मास्तरांनी माझा काळा कोट ओढला. मी वळलो. ते हळू आवाजात म्हणाले, "भवानीचं इचारा की. त्यो खोटं बोलायचा न्हाई. माज्या दारात पानी पिलाय." मी डोळ्यांनी नको म्हणालो. त्यांनी पुन्हा कोट ओढला. कोट नवा होता. मी विचारलं.

सांगलीहून आलेला कंपनीचा वकील मान्यांकडे टक लावून बघत होता. नोकरी गेलेल्या माणसाला मिळालेली ही दुसरी नोकरी होती, आणि ती त्या क्षणी जात होती हे मला दिसत होतं. मान्यांनी एकदा लाल कोटाकडे पाहिलं आणि जज्जबाईंना म्हणाले, "बाई, ते हप्त्याचं पैसं न्हव्हतं. मास्तर म्हनलं, तुजी भवानी हुदे. ज्याला खातं मिटल्याचं म्हाईत हाय त्यो हप्ता कशाला दील?" जज्जबाईंनी ते सगळं टायपिस्टला सांगून लिहून घेतलं. मी खाली बसलो तेव्हा मास्तर शांतपणे टोपीचा तुरा सरळ करत होते.

बाहेर येऊन बघतो तर काय, मास्तर मान्यांना घेऊन कँटीनमध्ये चहाला चाललेले. निकाल लागायचा होता. विरुद्ध पार्टीच्या साक्षीदाराबरोबर, कोर्टाच्या आवारात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि तेही शंभर पावलांवरून दिसणाऱ्या त्या कोटात. मी धावत गेलो आणि दोघांना वेगळ्या टेबलांवर बसवलं. तर हे दोघं आपापल्या टेबलावरून एकमेकांशी मोठ्यानं बोलत बसले. मान्यांची ती नोकरी पुढच्याच महिन्यात गेली. मग मास्तरांनी त्यांना बँडच्या सुपाऱ्या आणायच्या कामावर घेतलं. मी म्हटलं, ज्याला आयुष्यात वसुली जमली नाही त्याला पैसे आणायला कसा ठेवता? मास्तर म्हणाले, जो मागताना लाजतो त्याला लोक आपणहून देतात. आणि द्यायचे, हे मला कबूल करावंच लागेल.

निकाल आमच्या बाजूनं लागला. दावा फेटाळला. मी फोन करून मास्तरांना बोलावून घेतलं, पेढे आणून ठेवले. त्यांनी पेढा घेतला नाही. निकालपत्र हातात धरून मला म्हणाले, वाचा. मी शेवटचा भाग वाचला, की दावा मुदतबाह्य असल्यानं खर्चासह फेटाळण्यात येत आहे.

"'मुलाणीचं देणं न्हाई', हे कुठं हाय?"

मी सांगितलं की तसं लिहीत नाहीत मास्तर, जज्जबाईंनी मान्यांची साक्ष खरी धरलीय, पाचशे रुपये कर्जाचे नव्हते असं लिहिलंय, पण खातं मिटलं होतं की नाही ह्यात त्या शिरल्याच नाहीत, कारण मुदतीवरच सगळं संपलं. त्यांनी निकालपत्राची घडी घातली. मग एक पेढा उचलला, माझ्या समाधानासाठी. त्यांचं तोंड कडू झालेलं मला दिसत होतं आणि मला त्यांचा रागही येत होता. जिंकून दिलं की माणसानं जिंकल्यासारखं दिसावं एवढी साधी अपेक्षा असते वकिलाची. त्या दिवशी मी जेवताना बायकोशीसुद्धा धड बोललो नाही.

पण मास्तरांनी ह्या सगळ्यातून एक गोष्ट उचलली, आणि ती माझ्याच गळ्यात आली. माझी फी दहा हजार ठरली होती. मी म्हणालो होतो की सवडीनं द्या. त्यांनी चार दिवसांनी येऊन विचारलं की वकीलसायब, तुमच्या फीलाबी ती तीन वर्षांची मुदत हाय का? मी म्हणालो, आहे. ते म्हणाले, मग मी गप बसलो तर तुमचं पैसं आपोआप मरतील? मी म्हणालो, मरतील, मरू द्या. त्यांना ते अजिबात आवडलं नाही. त्यांनी मला कागद घ्यायला लावला, त्यावर लिहायला लावलं की दस्तगीर मुलाणी वकिलांचं अमुक इतकं देणं लागतो आणि ते त्याला मान्य आहे, आणि खाली मोठ्या अक्षरात, रेघ मारून सही केली. न वाचता.

तेव्हापासून दरवर्षी आषाढात, लग्नसराई संपून बँड मोकळा झाला की मास्तर माझ्याकडे यायचे. असतील ते हजार-पाचशे टेबलावर ठेवायचे आणि बाकीच्या रकमेची नवी कबुली लिहून घ्यायला लावायचे. घेणेकऱ्याचा ससेमिरा चुकवणारे लोक मी रोज बघतो. घेणेकऱ्याच्या मागं ससेमिरा लावणारा हा एकच. मी अनेक युक्त्या केल्या. एका वर्षी मुद्दाम बाहेरगावी गेलो, तर बायकोकडून कबुली लिहून घेऊन, सही करून गेले. माझ्या मुलाच्या लग्नात मी म्हणालो, मास्तर, बँड तुमचा, त्यात फीचं फिटलं असं समजू. ते ताड्कन म्हणाले, सुपारी येगळी, फी येगळी. माझ्याकडून सुपारी घेतली, ठरलेला पूर्ण दर घेतला, एक रुपया कमी केला नाही. वर वरातीत माझ्या कानाशी क्लॅरिनेट धरून असं वाजवलं की दोन दिवस मला त्या कानानं ऐकू येत नव्हतं. मजा म्हणजे ह्या आषाढाच्या फेऱ्यांची मला सवय लागली. पाऊस लागला की मी चहाची दूध-साखर बघून ठेवायचो. त्यांना साखर जास्त लागायची.

गेल्या वर्षी ते आले नाहीत. छातीत पाणी झालं म्हणून त्यांना सांगलीला दवाखान्यात ठेवलंय असं मान्यांकडून कळलं. मी भेटायला गेलो. क्लॅरिनेट फुंकणारा तो माणूस बोलायलाही दमत होता, आणि मला ते बघवेना. मी ठरवूनच गेलो होतो. घरून एका कागदावर 'फी पूर्ण मिळाली' असं लिहून, सही करून नेलं होतं, ते त्यांच्या उशाशी ठेवलं. त्यांनी तो कागद त्यांच्या मुलाला, जमीरला, वाचायला लावला. मग हातानं बाजूला सारला.

"खोटं लिवू नगा वकीलसायब. खोटंच लिवून घ्यायचं आसतं तर तुमी 'मरू द्या' म्हनला तवाच घेतलं आसतं की."

त्यांनी जमीरकडून पाचशे रुपये मागून घेतले आणि मला दिले. मी त्यांच्यासमोर नवा कागद केला. बाकी साडेतीन हजार. त्यांनी सही केली आणि खालची रेघही मारलीच. मी जिन्यात येऊन रडलो. एका म्हाताऱ्या बाईनं मला बाकावर बसवून पाणी दिलं आणि विचारलं, वडील का? मी म्हणालो, पक्षकार.

पंधरवड्यानं ते गेले. मी आणि माने एकत्रच कबरस्तानात गेलो. सगळा बँड साध्या कपड्यांत उभा होता, तासगावातले व्यापारी होते, त्यांनी वाजवत नेलेले कितीतरी नवरदेव होते, आता पोटं सुटलेले. त्यांच्यात अशी रीत आहे की जनाज्याच्या नमाजाआधी मुलानं सगळ्यांसमोर उभं राहून विचारायचं, गेलेल्या माणसाकडं कुणाचं काही देणं राहिलंय का. असेल तर मी देतो, नाहीतर माफ करा. जमीर पुढं आला. त्यानं विचारलं. सगळीकडून माणसं पुटपुटली, माफ, माफ. माझ्या बाजूला उभा असलेला अडत दुकानदारही म्हणाला, माफ, ज्याचं मास्तरांशी काडीचं देणंघेणं नव्हतं. माझ्याही ओठांवर तोच शब्द आला होता. आणि मला वाटलं, आता हेही नुसतं सुटून जाणार. ते कोर्टातलं मुदतीनं सुटलं, हे मरणानं सुटणार, फिटलं असं मात्र कुणी म्हणणार नाही.

मी म्हणालो, "माझं आहे. साडेतीन हजार."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कुणीतरी च्‌ च्‌ केलं. वकिलाला लाज नाही, असं मागं कुणीतरी स्पष्ट म्हणालं, आणि माझे कान तापले. जमीर लोकांतून वाट काढत माझ्यापर्यंत आला. त्यानं खिशात हात घातला आणि घडी घातलेल्या नोटा माझ्या हातात दिल्या. त्या आधीपासूनच वेगळ्या काढून ठेवलेल्या होत्या.

"अब्बा म्हनलं व्हतं, वकीलसायब माफ म्हनायला लागलं तर ऐकू नगंस."

मी त्या नोटा सगळ्यांदेखत एकेक करून मोजल्या आणि खिशात ठेवल्या. मग कोर्टात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं म्हणून जो आवाज काढतो त्या आवाजात म्हणालो, "दस्तगीर मुलाणी यांच्याकडं कुणाचंही काहीही देणं नाही." जमीरनं मान हलवली, पुढं गेला, आणि लोक नमाजासाठी रांगेत उभे राहिले.